पहिल्या नारळाचे धनी

आबांना नारळ चालत नाही. खोबऱ्यानं पित्त होतं, कीस कवळीखाली जातो आणि शहाळं हे त्यांच्या मते दवाखान्यात उशाशी ठेवायचं फळ. तरीही चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला पालखी उठताना जो पहिला नारळ देतात, तो त्यांच्याच हातात पडावा लागतो. पडला की ते तो मागं न बघता मागं देतात. मागं कुणीतरी पोरगा उभा असतो. एकदा नव्हता. नारळ फरशीवर आपटला, फुटला, पाणी गुरवाच्या धोतरावर उडालं. आबांनी तेव्हाही वळून बघितलं नाही. पहिल्यानं मागं बघायचं नसतं, असा त्यांचा दंडक आहे.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचे आबा हे मानकरी. याला पगार नाही, निवडणूक नाही, निवृत्ती नाही आणि काम तर मुळीच नाही. होळी रचायची पोरांनी, पेटवायची आबांनी. कुस्त्यांचा आखाडा खणायचा तालमीतल्यांनी, त्यात नारळ फोडायचा आबांनी. पालखी सजवायची गुरवानं, वाहायची खांदेकऱ्यांनी, दांड्याला पहिला हात आबांचा. शाळेच्या कुंपणभिंतीचं भूमिपूजन झालं तेव्हा त्यांनी कुदळ अशी मारली की जमिनीवरची मुंगीसुद्धा वाट बदलून गेली नाही. मग गवंड्यानं तीच कुदळ घेऊन दिवसभर पाया खणला. त्याचं नाव कोनशिलेवर नाही. आबांचं आहे, आणि आमदारांच्या खालोखाल आहे. ते ‘खालोखाल’ आबांना अजून डाचतं.

मी गावातला मास्तर. अक्षर बरं, म्हणून यात्रेची पत्रिका माझ्या गळ्यात. ती छापायला जाण्याआधी आबांना दाखवावी लागते. आबा तारीख बघत नाहीत, तमाशा कुणाचा आहे तेही बघत नाहीत. आधी स्वतःचं नाव शोधतात, मग त्याच्या वर कोण आहे ते बघतात. वर नुसतं ‘श्री भैरवनाथ प्रसन्न’ असलं की चष्मा उतरवतात. एका वर्षी छापखान्यानं जागा वाचवायला मानकऱ्यांची नावं दोन रकान्यांत बसवली. आबा डाव्या रकान्यात पहिले, दुसरे एक अण्णा उजव्या रकान्यात पहिले. आता डावीकडचा पहिला मोठा की उजवीकडचा, यावर दोन्ही घरांत आठवडाभर खल झाला. शेवटी अण्णांच्या नातवानं तोड काढली : पत्रिका मधोमध फाडली आणि आजोबांना फक्त उजवी बाजू दाखवली.

लग्नात आबा जेवायला जात नाहीत, माईकसाठी जातात. आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरीपेक्षा माईकवाल्याला जास्त काम असतं. अमुक साहेबांचं मंडपात आगमन झालं आहे, तमुक संस्थेच्या संचालकांचं शब्दसुमनांनी स्वागत, याचा पट्टा अक्षता पडेपर्यंत थांबत नाही. या पट्ट्यात आपलं नाव कुठं येतं, त्यावर आबांचा तो दिवस गोड की कडू ते ठरतं. फार लवकर गेलं तर मंडपात ऐकायला माणसं नसतात. फार उशिरा गेलं तर नाव आपण नसताना पुकारून होतं. पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीस असला की आबा एक वाजता मंडपाच्या कमानीत उभे राहतात. चप्पल काढत नाहीत, पुढे येत नाहीत. माईकवाल्याची नजर पडेपर्यंत फेट्याचा शेमला सारखा करतात. नाव झालं, टॉवेल-टोपी झाली, की मग सोफ्यावर बसतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी त्यांना बसलेलं बघितलेलं नाही.

त्या टॉवेल-टोपीचा एक स्वतंत्र प्रवास असतो. आबांनी एका सोयऱ्याला दिलेला टॉवेल चार-पाच लग्नं फिरून एकदा त्यांच्याकडेच आला. कोपऱ्यावरचा शाईचा डाग त्यांनी ओळखला. मी म्हटलं, “आबा, हा तर तुमचाच.” आबा म्हणाले, “टॉवेल माझा हाय गुरुजी, पन मान आजचा हाय.”

हा मान आला कुठून, असं विचारलं की आबा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवतात. डांबरगोळ्यांच्या वासात एक मोडी कागद आहे. ती छत्रपतींची सनद, असं घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले. तसं अशक्यही नव्हतं. जुन्या पाटीलकीच्या खतांमध्ये जमिनीइतक्याच काळजीनं मानाची यादी कलमवार लिहिलेली असे : पहिला विडा कुणाचा, होळीला पहिली पोळी कुणाची, पोळ्याला कुणाचा बैल पुढे. निम्मी पाटीलकी विकली तर हे मानही वाटून घेत आणि ‘आधी हा, मग तो’ असं लिहून ठेवत. मी तो कागद साताऱ्याला एका मोडी जाणकाराला दाखवला. तो निघाला कर्जरोखा. आबांच्या खापरपणज्यानं बैलजोडीसाठी सावकाराकडून घेतलेल्या रुपयांचा. मी भीत-भीत सांगितलं. आबांनी कागदाची घडी पहिल्यापेक्षा जास्त अदबीनं घातली आणि म्हणाले, “कर्ज कुनाला मिळतं? पत असल्याला.” कागद पुन्हा ट्रंकेत गेला. सनद म्हणूनच.

१९६२ च्या कायद्यानं महाराष्ट्रातली वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी गेली. दप्तर तलाठ्याकडे गेलं, वसुली गेली, मुशाहिरा गेला. राहिला तो पोलीस पाटील. त्याचा कायदा १९६७ चा, आणि आता त्या पदासाठी लेखी परीक्षा असते. गेल्या खेपेला ती सुताराच्या सुनेनं पास केली. ज्या पदासाठी प्रश्नपत्रिका असते ते पद आबा पद मानत नाहीत. कायद्यानं जे-जे नेता येण्यासारखं होतं ते नेलं, आणि जे कुठल्या रजिस्टरातच नव्हतं ते आबांच्या हातात राहिलं. म्हणून ते इतकं घट्ट धरलेलं आहे.

बेंदराचं उदाहरण घ्या. आमच्या बाजूला पोळ्याऐवजी आषाढात बेंदूर. वेशीत तोरण बांधायचं, त्याखालून पहिली जोडी आबांची जायची. पण आबांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला त्याला जमाना झाला. पहिल्या वर्षी त्यांनी ट्रॅक्टरच्या बोनेटला बाशिंग बांधून पाहिलं. सायलेंसरच्या धुरानं तोरणाची आंब्याची पानं काळी पडली आणि मागचे बैल उधळले. तेव्हापासून ते शेजारच्या शिवाची जोडी दिवसभर मागून आणतात. शिवा बिचारा पहाटे बैल धुतो, हिंगुळ लावतो, शेंब्या चढवतो, झूल घालतो आणि कासरा आबांच्या हातात देतो. जोडी तोरणाखालून जाते, लोक म्हणतात, आबांचे बैल गेले. पलीकडे गेल्यावर आबा कासरा शिवाला परत देतात. मग शिवा तीच जोडी घेऊन रांगेच्या शेवटी जातो आणि पुन्हा तोरणाखालून आणतो, कारण शिवाच्या घराचा नंबर शेवटचा. एकच बैल एकाच दिवशी गावात पहिलाही येतो आणि शेवटचाही. बैलांना यातलं काही वावगं वाटत नाही. शिवाला वाटतं का, हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

मध्यंतरी भावकीतल्या एकानं सासनकाठीला आबांच्या आधी हात लावला. आबा थेट साताऱ्याला वकिलाकडे. मलाही नेलं, पत्रिका पुरावा म्हणून. वकील म्हातारे आणि विनोदी होते. त्यांनी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९ समजावून सांगितलं : वाद धार्मिक विधीवर अवलंबून असला तरी मिळकतीचा किंवा पदाचा हक्क गुंतला असेल तर दावा चालतो, नुसत्या मानासाठी कोर्ट बसत नाही. “आबा, नारळाची किंमत सांगा,” ते म्हणाले, “तेवढ्याचा दावा लावतो. कोर्ट फी नारळापेक्षा जास्त होईल.” मग त्यांनी आबांचं समाधान करायला एक जुनी गोष्ट सांगितली. पालखी रस्त्यातून आडवी मिरवण्याचा मान कुणाचा, यावरून दोन स्वामींमध्ये लागलेला वाद १८४३ साली थेट लंडनला, प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. आडव्या पालखीनं सगळा रस्ता अडतो, बाकीच्यांना बाजूला व्हावं लागतं. मान म्हणतात तो तेवढाच. आबांचे डोळे चमकले. मला वाटलं, निकाल काय लागला ते विचारतील. त्यांनी विचारलं, “लंडनला म्होरल्या खुर्चीवर कोन बसलं हुतं?”

आबांचं क्रमावर इतकं प्रेम की दुसऱ्यांच्या क्रमाचीही ते राखण करतात. पुण्यातल्या मानाच्या पाच गणपतींची नावं ते विसर्जनाच्या क्रमानं एका दमात म्हणतात. कसब्याचा आधी की जोगेश्वरीचा, हा तिढा लोकमान्यांनी सोडवला, ही त्यांच्या मते टिळकांची खरी कामगिरी; असंतोष वगैरे नंतर. आषाढीला विठ्ठलाची महापूजा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते, कार्तिकीला उपमुख्यमंत्र्यांच्या. २०२३ साली राज्याला उपमुख्यमंत्री दोन झाले आणि कार्तिकीला बोलवायचं कुणाला, असा पेच मंदिर समितीपुढे पडला. तेवढे दिवस आबांच्या चेहऱ्यावर तेज होतं. पेपर माझ्यापुढे टाकून म्हणाले, “तुमी मला हसता. बघा, शासनाला सुदिक घाम फुटलाय.”

आबांच्या मानाचं अर्धं अंग मात्र चुलीपुढे असतं. यात्रेदिवशी पहाटे चारला काकी उठतात, आणि त्यांच्याही आधी नानी. नानी म्हणजे आबांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. पुरण शिजवायचं, वाटायचं, कटाची आमटी, कुरडया, देवाचा नैवेद्य, खांदेकऱ्यांची न्याहारी, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना पाणी. सोवळ्याचा नैवेद्य नानींच्या हातचा असल्याशिवाय आबांना चालत नाही. पुरण त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही. पण तो नैवेद्य देवळात न्यायला नानी चालत नाहीत. मुळात हा मान थोरल्या भावाचा. तो होता तोवर पालखीला पहिला हात त्याचा आणि देवळातल्या जोगेश्वरीची पहिली ओटी नानींची. तो गेला आणि त्याच तेराव्याच्या दिवशी दोन बदल्या झाल्या : आबा सोप्यातून पालखीपुढे आले आणि नानी देवळातून चुलीपुढे गेल्या. पहिली बदली पागोटं बांधून झाली. दुसरीचा कुणी उच्चारही केला नाही.

पूजेला जोडी लागते म्हणून काकींना महत्त्व आहे. पंढरपुरातही मुख्यमंत्री सपत्नीक बसतात आणि रांगेतून निवडलेलं मानाचं वारकरी दांपत्य त्यांच्याबरोबर असतं. सत्यनारायणाला काकी आबांच्या हाताला हात लावून बसतात. त्यांच्या वाट्याचा विधी तेवढाच. हात सुटला की त्या प्रसादाच्या शिऱ्याकडे पळतात, कारण रवा भाजायचा राहिलेला असतो.

पण काकींना मान कळत नाही असं कुणी समजू नये. पुरुषांचा नारळ फिरतो तसा बायकांचा खण फिरतो. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांत, प्रत्येक ठिकाणी ब्लाऊजपीस घ्यायचा आणि द्यायचा. चलनी नोटेसारखा तो हातोहात जातो. कुणी शिवायला काढत नाही. कुणी कुठला दिला, त्याचा रंग, तो सुती होता की टेरिकॉट, हे सगळं काकींच्या डोक्यात. आबांच्या मानाचा हिशेब ट्रंकेत आहे, तोही चुकीचा. काकींचा तोंडपाठ आहे आणि त्यात आजवर खणाची चूक झालेली नाही. नानींना मात्र कुणी खण देत नाही. त्या हिशेबातल्या रकान्याबाहेर आहेत.

आमच्या गावची सरपंचपदाची सोडत निघाली आणि जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाली. १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा होत्या, महाराष्ट्रानं २०११ साली त्या निम्म्या केल्या. बौद्धवस्तीतली बी.ए. झालेली सून निवडून आली. आबांपुढे पहिला प्रश्न संबोधनाचा. ‘सरपंच’ म्हणावं तर खुर्ची कबूल केल्यासारखं होतं, नाव घ्यावं तर कायदा आडवा येतो, ‘बाई’ म्हणावं तर समोरची ‘ताई’ म्हणा म्हणून हसत सांगते. आबांनी तिला ‘ग्रामपंचायत’ म्हणायला सुरुवात केली. “ग्रामपंचायत आली का?” “ग्रामपंचायत चा घेनार का?” पंधरा ऑगस्टला तिनं झेंडा फडकवला, तेव्हा आबा पुढच्या खुर्चीवरून उठून नीट उभे राहिले, राष्ट्रगीत म्हटलं आणि नंतर माझ्या कानात म्हणाले, “झेंडा ग्रामपंचायतीचा. नारळ माझा.”

तिचे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. आबांचे शाळासोबती, वर्गात एकाच तुकडीत, पाण्याच्या माठापाशी दोन वेगळ्या रांगांत. त्यांना मी एकदा विचारलं, “तात्या, यात्रेत तुमच्या घराकडं कुठला मान होता?” तात्या सुपारी कातरत म्हणाले, “व्हता की. यात्रेचा सांगावा पायी चालत धा गावांना द्यायचा, त्यो मान आमचा. हलगीचा आमचा. गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं, त्याला पन मानच म्हनायचे. तिथं आमचा नंबर पैला. रांगेत दुसरं कुनी न्हवतंच.” १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते हेच ओझं उतरवण्यासाठी. १९५८ च्या कायद्यानं ती कनिष्ठ वतनं गेली, आणि त्याआधी दोन वर्षं तात्यांच्या वडिलांनी दीक्षा घेऊन हलगी खुंटीवरून काढून टाकली होती. “गाव आलं हुतं समजूत घालायला,” तात्या म्हणाले, “म्हनले, आरं, तुमचा मान हाय त्यो. बापू म्हनला, मंग तुमीच घ्या.” कुणी घेतला नाही. त्या वर्षापासून यात्रेला तालुक्याहून बँड येतो.

सरपंचताईंनी पहिल्या वर्षात रस्ते, गटार, पाण्याची टाकी असलं बिनमानाचं काम काढलं. आबा खूश होते. दुसऱ्या वर्षी मात्र ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत एक विषय आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं. तसाच ठराव आपणही करावा, असं सुताराच्या सुनेनं सुचवलं. ताई म्हणाल्या, मी काही ओटी भरत नाही, माझा धर्म वेगळा, पण ज्यांना भरायची त्यांना कुणी अडवू नये. आणि एक ओळ जोडली : ओटीला क्रम नाही, जी आधी येईल तिची आधी.

ग्रामसभेत आबा उठले. त्यांच्यावर अन्याय नको म्हणून सांगतो, ते विधवांच्या विरुद्ध मुळीच बोलले नाहीत. नानींच्या पुरणाचं कौतुक केलं. म्हणाले, “बाईमानसाला मान मिळावा, आमचं दुमत न्हाई. फकस्त कुनाचा कमी करून देनार, तेवढं कागदावर लिवा.” सभा गप्प झाली. कारण प्रश्न खोटा नव्हता. आबांच्या जगात मानाचे कप्पे मोजके आहेत. एकाला वर घ्यायचं तर दुसऱ्याला खाली सरकावं लागतं. ताई म्हणाल्या, “आबा, कमी कुणाचाच नाही करायचा. फक्त कुणी कुणासाठी थांबायचं नाही.” आबांनी मान डोलावली. यात त्यांना धोका दिसला नाही. ठराव एकमतानं झाला आणि सूचक-अनुमोदकानंतर आपलं नाव पहिलं लिहिलंय ना, ते त्यांनी ग्रामसेवकाच्या खांद्यावरून वाकून पाहून घेतलं.

वारसाचा प्रश्न आबांनी मनात दाबून ठेवला आहे. त्यांना एकच मुलगी, पुण्यात कृषी खात्यात अधिकारी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली दिला. आबांना हा कायदा पक्का ठाऊक आहे, कारण तो आल्यावर त्यांनी दोन्ही बहिणींना साडी-चोळी करून, पुरणाचं जेवण घालून, त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या होत्या. माहेर तुटू नये म्हणून बहिणींनी केल्या. आता मुलीला द्यायला जमीन आहे, पण मान सातबाऱ्यावर चढत नाही. एकदा त्यांनी आडून विचारलं, “तू आली असतीस तर पालकीला हात लावला असतास?” लेक म्हणाली, “लावला असता की बाबा. यात्रा रविवारी ठेवा, मला मधल्या वारी सुट्टी मिळत नाही.” आबा दोन दिवस बोलले नाहीत. तिनं नकार दिला असता तर त्यांना सोसलं असतं. तिनं वार विचारला.

यंदा यात्रेला काय झालं ते सांगतो. पालखीची वेळ पत्रिकेवर संध्याकाळी सहा. ती मी लिहितो, पण खरी वेळ म्हणजे आबा येतील तेव्हा. आबा साडेसातच्या आत आले तर त्यांनाच कमीपणा. तोवर गाव ताटकळतं, पोरं रडतात, बायका ताटं धरून उभ्या राहतात, कारण ओटी पालखीनंतर आणि ओटीचा क्रम घरांचा. यंदा ठरावाप्रमाणे देऊळ पहाटे उघडलं. नानी नैवेद्य स्वतः घेऊन निघाल्या. काकींनी उंबऱ्यावर त्यांना हळद-कुंकू लावलं आणि पहिल्यांदा त्यांच्या हातात खण ठेवला. चांगला, टेरिकॉटचा नव्हे. मग वेशीपासून बायका जशा आल्या तशा ओट्या भरून गेल्या. पुरुषांनीही तेव्हाच दर्शन उरकलं. नऊ वाजेपर्यंत ज्याचा-त्याचा नारळ वाढवून, प्रसाद घेऊन लोक मोकळे. दुपारी कुस्त्या, संध्याकाळी जेवणं, आणि शाळेच्या पटांगणात तमाशाला जागा धरायला सतरंज्या पडल्या.

आबा साडेसातला आले. पुढे बँड, डोईला गुलाबी फेटा. कुणी त्यांचा अवमान केला नाही, हे मी शपथेवर सांगेन. गुरव वाकला. माईकवाल्यानं नाव घेतलं, उपाध्यांसकट घेतलं. पहिला नारळ आबांच्या हातात पडला आणि त्यांनी तो मागं दिला. मागं पोरगा होता. मग माईकवर दुसरं नाव, अण्णांचं. कुणी पुढं आलं नाही. तिसरं. चौथं. खांदेकरी चार, गुरव, माईकवाला, बँडवाले, मी आणि पोरगा एवढेच होतो. गुरव भाबडेपणानं म्हणाला, “आबा, दुसरा पन तुमालाच देऊ का?” तेव्हा त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा मागं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आबा मला घेऊन पोलीस ठाण्यात. ठाणे अंमलदार तरुण होता, नुकती चहाची पहिली फेरी आली होती. त्यानं खुर्ची दिली, आबांनी ती आधी कुणाची आहे ते विचारून घेतलं.

“बोला बाबा, काय तक्रार?”

“मानाचा परश्न हाय.”

“नारळ दिला नाही का?”

“दिला.”

“पहिला नाही दिला?”

“पैलाच दिला.”

“मग कुणी धक्काबुक्की, शिवीगाळ?”

“न्हाई.”

अंमलदारानं पेन खाली ठेवलं. “मग झालं काय?”

आबांना ते सांगता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्रिका पुढे केली. शेवटी ते म्हणाले, “माझ्यामागनं दुसरा आला न्हाई.”

अंमलदारानं बाहेर जाऊन हवालदाराला विचारलं, हवालदारानं आत साहेबांना. दारापलीकडून हसण्याचा आवाज आला आणि थांबला. तो परत येऊन समजुतीनं म्हणाला, “बाबा, यात दखलपात्र असं काही होत नाही. फार तर एन. सी. करतो. अदखलपात्र. पुढं चौकशी वगैरे नाही, रजिस्टरात नुसती नोंद राहील.”

आबा विचारात पडले. मला वाटलं, आता उठतील.

“आज किती नोंदी झाल्यात?”

“आज अजून एकही नाही.”

आबांनी फेटा सारखा केला आणि सोफ्यावर बसावं तसे त्या लाकडी खुर्चीत मागं रेलले.

“मंग लिवा,” ते म्हणाले. “नाव नीट लिवा. आन एक नंबर घाला.”